आधी कोणाला? एका दुहेरी बचावाचा प्रकरण अभ्यास

ओहोटीच्या वेळी चौदा वर्षांचा एक मुलगा समुद्रात ओढला गेला. त्याला आणायला त्याचा काका धावला आणि तोही ओढला गेला. दोघेही वाचले. त्या दिवशी किनाऱ्यावर टाळ्या वाजल्या, पण त्याच्या काही मिनिटे आधी जीवरक्षकांवर आरडाओरडाही झाला होता. मुलगा लांब जात असताना त्यांनी आधी मोठ्या माणसाला हात दिला म्हणून. तो निर्णय योग्य होता असे माझे ठाम मत आहे. तो कसा घेतला गेला हे लोकांना कळावे, यासाठीच हे प्रकरण सविस्तर मांडले आहे. दोन्ही जीवरक्षक, कुटुंबातली मोठी माणसे आणि तो मुलगा यांच्याशी बोलून, जीवरक्षकांच्या नोंदवहीशी ताडून घटनाक्रम जुळवला आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

पार्श्वभूमी

किनारा उघड्या समुद्राचा, सपाट वाळूचा. मध्यावर जीवरक्षकांचा मनोरा आणि त्याच्या पुढ्यात पाण्याकाठी रोवलेले दोन झेंडे, वरचा अर्धा भाग लाल, खालचा पिवळा. जगातल्या पुष्कळ देशांत या जोडीचा अर्थ एकच आहे: या दोघांच्या मध्ये पोहा, इथे आमची नजर आहे. नुसता लाल झेंडा मोठा धोका सांगतो, आणि एकावर एक दोन लाल झेंडे असतील तर पाणी सगळ्यांसाठी बंद.

झेंडे एकदा रोवले की तिथेच राहतात, असा अनेकांचा समज असतो. खरे तर पाण्याखालची वाळू रोज सरकते आणि झेंडेही तिच्याबरोबर सरकवावे लागतात. लाटा पाण्याखाली दडलेल्या वाळूच्या बांधावर फुटतात आणि पाणी किनाऱ्याकडे लोटतात. ते पाणी परत जायला वाट शोधते. बांधात जिथे खिंड पडलेली असेल तिथून ते एकवटून बाहेर पडते. हाच रिप करंट. त्याचा वेग बहुतेक वेळा सेकंदाला ३० ते ६० सेंटिमीटर असतो, पण सेकंदाला अडीच मीटरच्या जवळपास वेग मोजल्याच्याही नोंदी आहेत. तेवढ्या वेगाविरुद्ध ऑलिंपिकमधला पोहणाराही पुढे सरकू शकत नाही. अमेरिकेतल्या जीवरक्षक संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे तिथल्या लाटांच्या किनाऱ्यांवरचे ८० टक्क्यांहून अधिक बचाव रिप करंटमुळे करावे लागतात.

यातली सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे तो दिसतो कसा. खिंडीत पाणी खोल असल्यामुळे तिथे लाट फुटत नाही. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, शांत पट्टा. लहान मुलांना घेऊन आलेले आईवडील लाटांना घाबरून नेमका तोच पट्टा निवडतात.

त्या दिवशी सकाळी दोन्ही जीवरक्षकांनी पाणी पाहिले, मनोऱ्याच्या डाव्या बाजूला नवी खिंड पडल्याचे ओळखले आणि झेंडे उजवीकडे हलवले. खिंडीसमोर वाळूत धोक्याचा फलक रोवला. या कामाची नोंदवहीत एक ओळ आहे. दिवसभरात त्या ओळीमुळे किती जण पाण्यात ओढले गेले नाहीत हे कोणी मोजू शकत नाही. जीवरक्षकाच्या कामाचा मोठा भाग असाच असतो. तो नीट झाला की दाखवण्यासारखे काहीच घडत नाही.

ड्युटीवर दोघेच होते. ज्येष्ठ जीवरक्षक मनोऱ्यावर, आणि त्यांची तरुण सहकारी रेस्क्यू ट्यूब (बुडणाऱ्याला धरायला द्यायची लांबट तरंगती नळी) व फिन्स (पोहताना पायात घालायचे पंखे) घेऊन वाळूवर गस्तीला.

अडचण कशी तयार झाली

दुपार कलल्यावर दोन घरांतली मिळून सात माणसे आली. झेंड्यांच्या मधल्या पाण्यात गर्दी होती, म्हणून त्यांनी डावीकडे, मनोऱ्यापासून दीडशे मीटरवर चटई अंथरली. पुढ्यातले पाणी शांत दिसत होते.

तरुण जीवरक्षकाने त्यांना लांबून पाहिले. शिट्टी वाजवून हाताने "तिकडे सरका" अशी खूण करणे सोपे होते. पण शिट्टीने माणूस जागचा हलतो आणि पाठ वळली की परत येतो, हा तिचा अनुभव. ती चालत गेली.

"काका, ते गडद पाणी दिसतंय का? दोन्हीकडे फेस आहे आणि मध्ये नाही, तिथे?"

"हो, तिथं लाटा नाहीत म्हणून तर इथं बसलोय."

"लाटा नाहीत कारण तिथे खोल आहे. सगळं पाणी तिथून परत जातं. मुलांना झेंड्यांमध्ये घेऊन चला, मी तिथेच आहे."

मुलाचे वडील म्हणाले, "अहो ताई, आम्ही गुडघाभरच पाण्यात जाणार."

तिने वाद घातला नाही. शेजारी उभ्या असलेल्या मुलाकडे वळून ती म्हणाली, "हे पाणी खाली ओढत नाही, बाहेर नेतं. कधी सापडलास तर त्याच्याशी भांडू नकोस. उताणा हो, तरंग, एक हात वर कर. आम्ही येतो." मग फेसाचा एक पुंजका बोटाने दाखवून तो कसा बाहेर सरकत जातो ते मुलाला पाहायला लावले. या सगळ्याला दोन-तीन मिनिटे लागली असतील. पुढे जे घडले त्यात या दोन-तीन मिनिटांएवढे मोलाचे दुसरे काही नव्हते.

कुटुंब झेंड्यांकडे गेले, पण सामान मूळ जागीच राहिले. अर्ध्या-पाऊण तासाने मुले पाणी प्यायला चटईपाशी परतली आणि तिथूनच समोरच्या पाण्यात उतरली. एव्हाना ओहोटीने पाणी बरेच मागे गेले होते. सकाळी पाण्याकाठी असलेला फलक आता कोरड्या वाळूत, लोकांच्या पाठीमागे उभा होता. बांधावरचे पाणी उथळ झाल्यामुळे लाटा तिथे जास्त जोरात फुटू लागल्या होत्या आणि खिंडीतला प्रवाह वाढला होता. त्याच सुमारास किनाऱ्याच्या उजव्या टोकाला एक लहान मुलगी हरवली आणि तरुण जीवरक्षक तिला हाताशी धरून आईवडिलांना शोधत होती. मनोऱ्यावर एकच नजर उरली.

ज्येष्ठ जीवरक्षकांनी मुलाला गुडघाभर पाण्यात पाहिले आणि शिट्टी दिली. मुलाने वळून पाहिलेही. तेवढ्यात नेहमीपेक्षा मोठ्या तीन-चार लाटा लागोपाठ आल्या. समुद्रात लाटा अशा थव्याने येतात, हे किनाऱ्यावर थोडा वेळ शांत बसून पाहिले तर कोणाच्याही लक्षात येते. पाणी कमरेच्या वर चढले, पाय सुटले, आणि परतणाऱ्या पाण्याने मुलाला खिंडीत नेले.

काका तलावात बरा पोहणारा. तो कपड्यांसकट आत धावला. पोहून मुलापर्यंत जायचे आणि त्याला घेऊन सरळ किनाऱ्याकडे यायचे, एवढेच त्याच्या मनात होते. मुलाला हाक मारत, डोके वर ठेवून, पूर्ण जोर लावून तो पोहला. मुलगा पुढेच जात राहिला. दमल्यावर काका मागे वळला आणि प्रवाहाविरुद्ध हात मारू लागला. इथे त्याची ताकद संपली.

समोर असलेले पर्याय

मनोऱ्यावरून दिसत होते ते असे. मुलगा किनाऱ्यापासून साधारण शंभर मीटरवर, उताणा, एक हात वर. काका त्याच्या निम्म्या अंतरावर, पाण्यात उभा, डोके मागे झुकलेले, तोंड पाण्याच्या पातळीला, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबणारे. तो ओरडत नव्हता. किनाऱ्यावरचे लोक ओरडत होते, "मुलाला आधी! तो लांब चाललाय!"

ओरडणाऱ्यांचे चुकत होते, पण त्यांना दोष देता येणार नाही. लहान आणि लांब गेलेला तो जास्त संकटात, असेच कोणालाही वाटेल. बुडणारा माणूस हात हलवत हाका मारतो असेही आपण धरून चालतो. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर अनेक वर्षे जीवरक्षक असलेल्या फ्रँक पिया यांनी प्रत्यक्ष बचावांचे चित्रीकरण अभ्यासून १९७० च्या दशकात दाखवून दिले की खरोखर बुडणारा माणूस बहुधा गप्प असतो. तोंड पाण्याबाहेर येते ते जेमतेम श्वास घेण्यापुरते, हाकेला श्वास उरत नाही. हात आपोआप पाणी खाली दाबत राहतात, त्यामुळे ते हलवून खूणही करता येत नाही. अशा अवस्थेत माणूस पृष्ठभागावर २० ते ६० सेकंद टिकतो. ज्येष्ठ जीवरक्षकांनी हीच लक्षणे ओळखली. मुलाकडे वेळ होता. काकाकडे नव्हता.

आणखी तीन गोष्टी त्यांना त्याच वेळी ठरवायच्या होत्या. स्वतः लगेच पाण्यात जायचे की सहकारी पोहोचेपर्यंत थांबायचे? दोघेही गेले तर झेंड्यांमधल्या गर्दीवर लक्ष कोण ठेवणार? आणि किनाऱ्यावर हात धरून साखळी करू लागलेल्या लोकांचे काय? मानवी साखळी दिसायला धीर देणारी असते, पण एका मोठ्या लाटेने तिच्यातले चार जण एकदम खिंडीत गेले तर दोनाचे सहा होतात. जीव वाचवायला उतरलेलाच बुडतो, हे दुर्मीळ नाही. रिचर्ड फ्रँकलिन आणि जॉन पर्न या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २०११ मध्ये नेमका याच प्रकाराचा, मुलांना वाचवताना बुडालेल्या माणसांचा, अभ्यास प्रसिद्ध केला होता.

काय केले

ज्येष्ठ जीवरक्षकांनी आधी लांब शिट्टी देऊन, दोन्ही हातांनी खुणा करून झेंड्यांमधल्या सगळ्यांना पाण्याबाहेर काढले. मग वायरलेसवर शेजारच्या ठाण्याला मदत मागितली आणि रुग्णवाहिका बोलावली. सहकारीला दोनच शब्द सांगितले: "मोठा आधी." तिने हरवलेली मुलगी जवळच्या एका कुटुंबाकडे सोपवली आणि धावली.

रेस्क्यू बोर्ड (बचावाची तरंगती फळी) घेऊन मनोऱ्यावरून उतरताना त्यांनी साखळी करणाऱ्यांना मागे हटवले. मुलाचे वडील आत झेपावण्याच्या बेतात होते. त्यांना नुसते "थांबा" म्हटले असते तर ते थांबले नसते. जीवरक्षक म्हणाले, "दादा, इथेच उभे राहा. हात मुलाकडे रोखून धरा, नजर हलवू नका. लाटेआड तो मला दिसणार नाही, तुमचा हात दिसेल." हे वडिलांना गुंतवून ठेवण्यासाठी काढलेले निमित्त नव्हते. पाण्याच्या पातळीवरून शंभर मीटरवरचे डोके लाटांमध्ये खरोखरच हरवते. वडील पूर्ण वेळ हात रोखून उभे राहिले. नंतर ते म्हणाले की आयुष्यात एवढे कठीण काम केले नाही.

तरुण जीवरक्षक फेसातून न जाता सरळ खिंडीत शिरली. जो प्रवाह पोहणाऱ्याला ओढतो तोच जीवरक्षकाला लवकर पोहोचवतो. काकापाशी पोहोचताच ती हाताच्या अंतरावर थांबली आणि ट्यूब त्याच्या छातीकडे ढकलली. "धरा! छातीखाली घ्या!" बुडणारा माणूस जे हाताला लागेल त्यावर चढतो, मग ते वाचवणाऱ्याचे खांदे का असेनात. म्हणूनच ही ट्यूब दोघांच्या मध्ये ठेवायची असते. तिचा मूळ नमुना कॅलिफोर्नियातले जीवरक्षक पीट पीटरसन यांनी १९३५ च्या सुमारास बनवला, आणि आजही जगभर जीवरक्षक तिच्यावर विसंबतात. काकाने ट्यूब धरली, तिने ती त्याच्या पाठीमागून वळवून अडकवली.

यानंतर किनाऱ्यावर पुन्हा गलका झाला, कारण ती परत फिरलीच नाही. काकाला घेऊन ती प्रवाहाबरोबर आणखी बाहेर गेली. दमलेल्या माणसाला घेऊन प्रवाहाविरुद्ध पोहणे म्हणजे दोघांचा दम घालवणे, हे तिला पक्के ठाऊक होते. बांधापलीकडे प्रवाह मंदावला तशी ती आडवी सरकली आणि जिथे लाटा फुटत होत्या त्या फेसाळ बाजूने आत आली. तिथे लाटाच किनाऱ्याकडे ढकलतात.

ज्येष्ठ जीवरक्षक बोर्डवरून मुलापाशी गेले. मुलगा थंडीने आणि भीतीने कापत होता, पण उताणाच होता. त्यांना पाहून त्याने पहिला प्रश्न केला, "काका कुठेत?"

परिणाम

मुलगा स्वतःच्या पायांनी वाळूवर आला. तो मला म्हणाला, "मला पोहायचंच होतं, पण ताईचं आठवलं, पाणी खाली ओढत नाही. म्हणून पडून राहिलो."

काका शुद्धीवर होता, पण खोकला थांबत नव्हता. "मला काही झालेलं नाही, घरी जाऊ," असे तो सारखे म्हणत होता. ज्येष्ठ जीवरक्षकांनी त्याला बसते ठेवले, ऑक्सिजन लावला आणि रुग्णालयात जायलाच लावले. तिथे रक्तातले ऑक्सिजन कमी भरले आणि त्याला रात्रभर देखरेखीखाली ठेवले. दुसऱ्या दिवशी तो घरी गेला. ॲमस्टरडॅम येथे २००२ मध्ये भरलेल्या जागतिक परिषदेत तज्ज्ञांनी बुडण्याची जी व्याख्या ठरवली, तिच्यात मृत्यूची अट नाही. पाण्यामुळे श्वासात अडथळा आला की ते बुडणेच, माणूस वाचला तरी. पाण्यातून काढल्यावर खोकला, धाप किंवा सुस्ती राहिली तर डॉक्टरांकडे जाणे टाळू नये ते याचसाठी. श्वास थांबलेला असता तर आधी तोंडावाटे श्वास आणि मग छातीवर दाब, हा क्रम लागला असता. बुडालेल्याला आधी हवा कमी पडलेली असते.

रुग्णालयात मुलाच्या आईने जीवरक्षकांना विचारले, "माझा मुलगा लांब होता, तरी तुम्ही आधी यांना का घेतलं?" ज्येष्ठ जीवरक्षकांनी तिला दोघांची डोकी, हात, तोंड कशी दिसत होती ते एकेक करून सांगितले आणि म्हणाले, "तुमचा मुलगा वाट पाहू शकत होता, वहिनी. तो वाट पाहू शकत होता म्हणूनच मला दोघांनाही आणता आलं."

काय वेगळे करता आले असते

फलकाचे आधी बोलायला हवे. झेंडे भरती-ओहोटीबरोबर सरकवले जात होते, फलक मात्र सकाळी जिथे रोवला तिथेच राहिला. आता त्या ठाण्यावर पाणी मागे जाईल तसा फलकही पुढे नेतात. ही सुधारणा जीवरक्षकांनी स्वतःहून केली, कोणी सांगायच्या आधी.

कुटुंबाने सामान हलवले असते तर मुले तिथे परतली नसती. आता माझा प्रत्येकाला हाच आग्रह असतो की चटई आधी झेंड्यांसमोर टाका, मग मुलांना सोडा. मुले सामानापाशीच घुटमळतात.

काकाच्या उडीबद्दल मत देणे अवघड आहे. त्याच्या जागी असताना किनाऱ्यावर उभे राहवणार नाही, हे मी पूर्ण समजू शकते. तरीही तो गेला नसता तर जीवरक्षकांना एकच, शांत तरंगणारा मुलगा आणायचा होता. जवळच त्यांची शीतपेटी होती, थर्माकोलची, घट्ट झाकणाची. तरंगणारी कोणतीही वस्तू मुलाकडे फेकता आली असती, आणि आत जायचेच होते तर ती हातात घेऊन जाता आले असते. जिथे जीवरक्षक नाहीत तिथे तर आधी फोन, मग फेकता येईल अशी तरंगती वस्तू, आणि बुडणाऱ्यावरून न हलणारी नजर, एवढेच हाताशी असते.

तरंगणे प्रत्येक वेळी पुरते का, हा प्रश्न मुलाच्या वडिलांनी केला. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे येथील संशोधक जेमी मॅकमहन आणि सहकाऱ्यांनी प्रवाहात जीपीएस लावलेली तरंगती उपकरणे सोडून पाहिली, तेव्हा बरीचशी गोल फिरून पुन्हा उथळ भागात आली. ऑस्ट्रेलियातल्या नंतरच्या प्रयोगांत मात्र एकच उपाय सगळ्या प्रवाहांना लागू पडत नसल्याचे दिसले. कधी तरंगणे, कधी किनाऱ्याला समांतर पोहून फेसाकडे जाणे. पण पहिली मिनिटे तरंगून दम राखला तरच पुढचे काही ठरवता येते, आणि वर केलेला हात दिसायला कोणीतरी पाहणारे असावे लागते.

पाहणारे किती, हाच या प्रकरणातला सगळ्यात मोठा दोष आहे आणि तो जीवरक्षकांचा नाही. सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर ६ फेब्रुवारी १९३८ रोजी अशाच लागोपाठच्या मोठ्या लाटांनी बांधावरचे लोक खोल पाण्यात ओढले. सुमारे अडीचशे जणांना मदत लागली, पाच जण दगावले. मृतांची संख्या तेवढ्यावर थांबली, कारण त्या दिवशी शर्यतीच्या निमित्ताने तिथल्या जीवरक्षक क्लबचे अनेक स्वयंसेवक जीवरक्षक किनाऱ्यावरच होते. इथे दोघे होते, आणि त्यातली एक हरवलेल्या मुलीचा हात धरून होती. दोघेही पाण्यात गेले तेव्हा बाकीच्या किनाऱ्यावर कोणाचीही नजर नव्हती. शिट्टी ऐकून लोक मुकाट्याने बाहेर आले म्हणून ते निभावले.

कुटुंबाने आभार कसे मानावेत असे विचारले, तेव्हा तरुण जीवरक्षकाने सांगितले की किनाऱ्याची व्यवस्था पाहणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवा, दोघांऐवजी तिघे असते तर काय झाले असते ते लिहा. काकाने स्वतः पत्र लिहिले. त्यात वेळा होत्या, अंतरे होती, आणि आपण आत उतरल्यामुळे काम कसे वाढले हेही होते. पुढच्या हंगामापासून दुपारनंतर तिसरा जीवरक्षक मिळाला, फक्त सुट्टीच्या दिवशी. रोजच्यासाठीची मागणी अजून मंजूर झालेली नाही. त्यासाठीचे दुसरे पत्र मुलाच्या आईने पाठवले आहे.